पी ००८७ कोड, चढाला गाडी दम तोडते: हाय प्रेशर पंप बदलायचा की आधी काही तपासायचं?

घाटवळण:

गाडी कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं), १.५ लिटर, चार सिलिंडर, टर्बो. १ लाख ३० हजार किमीच्या पुढे चाललेली. टाकीत इलेक्ट्रिक पंप, इंजिनवर बेल्टने फिरणारा हाय प्रेशर पंप, त्यावर मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल शिरायचं ते ठरवणारा) आणि रेलच्या टोकाला प्रेशर रेग्युलेटर. इंजेक्टर सोलेनॉइडचे.

लक्षणं: सकाळी पहिल्यांदा सेल्फ ६-७ सेकंद मारावा लागतो. एकदा उठली की दिवसभर अर्ध्या सेल्फला चालू. सपाटीला ८०-९० च्या वेगात काहीच जाणवत नाही. चढाला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये २५०० आरपीएमच्या वर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की एक झटका, मग पिकअप गायब, इंजिनचा दिवा आणि लिंप मोड (इंजिन स्वतःच ताकद कमी करून चालतं). चावी बंद करून परत चालू केली की पुन्हा सुरळीत. टाकी पाव भागाच्या खाली गेली की हे लवकर होतं.

कोड एकच, पी ००८७. डिझेल फिल्टर नवा टाकला, फरक शून्य. गॅरेजमध्ये सांगितलं की हाय प्रेशर पंप गेला, सोबत चारही इंजेक्टर काढा. एवढं मोठं काम हाती घेण्याआधी घरी काय काय तपासता येईल? लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, मल्टिमीटर, डीसी क्लॅम्प मीटर आणि ० ते १० बारचा गेज आहे.

रेलदाब:

पी ००८७ चा अर्थ एवढाच की ईसीयूने (इंजिनच्या कंप्युटरने) मागितला तेवढा दाब रेलमध्ये आला नाही. दोष कोणाचा हे कोड सांगत नाही. जागा तीनच: हाय प्रेशर पंपापर्यंत डिझेल पुरेसं येत नाही, किंवा पंप दाब बनवत नाही, किंवा बनलेला दाब इंजेक्टर नाहीतर रेग्युलेटरमधून रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) निघून जातो. तुमच्या लक्षणांवरून मला पहिलीच जागा दिसते. पंपाची झीज झाली असती तर गरम इंजिनला स्टार्टिंगचा त्रास जास्त झाला असता, कारण डिझेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त गळतं. तुमच्याकडे उलटं आहे. गरम झटकन, थंड उशिरा. रात्रीत लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरतंय असा माझा संशय.

आधी लाइव्ह डेटा. मागितलेला रेल दाब, प्रत्यक्ष रेल दाब, मीटरिंग व्हॉल्व्हचा करंट किंवा ड्यूटी, आरपीएम असे चारच आकडे लावा. जास्त लावले की स्कॅनर मंदावतो आणि नेमका पडणारा क्षण निसटतो.

१. रात्रभर उभी गाडी, चावी ऑन, इंजिन बंद: रेल दाब शून्याच्या आसपास हवा. इथेच ६०-८० बार दिसले तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. सेन्सरला ५ व्होल्ट सप्लाय असतो, दाब शून्य असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट.

२. सेल्फ मारताना: आरपीएम दिसतो का, २०० च्या आसपास पोचतो का. शून्य दिसला तर क्रँक सेन्सर बघा, पंपाच्या नादी लागू नका. बहुतेक कॉमन रेल इंजिनं १५० ते २५० बार झाल्याशिवाय इंजेक्टर उघडत नाहीत. तेवढं व्हायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा.

३. आयडलला २५० ते ३५० बार, दोन्ही आकडे जवळजवळ एकत्र हवेत.

४. चढाला पूर्ण ॲक्सिलरेटर. शेजारी कोणीतरी बसवा आणि रेकॉर्डिंग लावा, चालवणाऱ्याने स्क्रीन बघायची नाही.

चौथ्यात प्रत्यक्ष दाब पडताना मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तर ईसीयू बिचारा आपलं काम करतोय, त्याला डिझेलच मिळत नाही. दाब वरखाली झुलत असेल, म्हणजे ८००, ११००, ८५०, १०५० असा, तर मीटरिंग व्हॉल्व्ह अडकतोय.

त्यानंतर टाकीचं झाकण. लांब चालवून आल्यावर उघडताना "सूंऽ" करून हवा आत ओढली जाते का? जात असेल तर टाकीचा व्हेंट बंद झालाय. झाकण सैल ठेवून तोच चढ एकदा चढून बघा. एका पैशाचा खर्च नाही.

पाना_दहा:

एवढं कशाला? मीटरिंग व्हॉल्व्हचा प्लग काढा आणि सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर व्हॉल्व्ह खराब. काढून कार्ब क्लीनर मारला की निम्म्या गाड्या सुटतात.

नोझलटेस्टर:

पाना_दहा, ही युक्ती डोळे झाकून कोणाला सांगू नका. मीटरिंग व्हॉल्व्ह दोन जातींचे असतात. बॉशचे बहुतेक करंट नसताना पूर्ण उघडे राहतात, म्हणजे प्लग काढला की पंप पूर्ण डिलिव्हरी द्यायला लागतो. डेन्सोच्या पंपांवर दोन्ही जाती सापडतात. करंट नसताना बंद राहणारा असेल तर प्लग काढल्यावर चांगली गाडीही उठणार नाही आणि तुम्ही धडधाकट पंपाला दोष द्याल. चालत्या इंजिनवर तर प्लगला हातच लावायचा नाही. दाब एकदम चढतो, लिमिटर (जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह) असेल तर तो उघडतो, आणि काही लिमिटर एकदा उघडले की नंतर नीट बसत नाहीत.

व्हॉल्व्ह प्लग काढून, इंजिन बंद ठेवून, मल्टिमीटरने तपासा. रेझिस्टन्स मॉडेलप्रमाणे २ ते ६ ओमच्या मध्ये कुठेतरी येतो: डेन्सोचा २ च्या जवळ, बॉशचा ३ च्या जवळ. मीटरचे दोन प्रोब एकमेकांना लावून येणारा आकडा आधी वजा करा. एवढ्या छोट्या मापात तो ०.३-०.४ चा फरक निकाल फिरवतो. रेझिस्टन्स बरोबर आला म्हणून व्हॉल्व्ह बरोबर असंही नाही, कॉइल ठीक आणि आतला स्पूल (सरकणारी दांडी) चिकटलेला असं सर्रास असतं.

कार्ब क्लीनरबद्दल: तो व्हॉल्व्हमधलं वंगण धुऊन काढतो आणि उरलेला पंपात जातो. हाय प्रेशर पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच, दुसरं काही नाही. धुवायचंच तर स्वच्छ गाळलेल्या डिझेलने.

आता दुसरी तपासणी, इंजेक्टरचा रिटर्न. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढा, गाडीकडे जाणारं टोक बूच मारून बंद करा, प्रत्येक इंजेक्टरला पारदर्शक नळी आणि एकसारखी खुणांची बाटली. नुसता सेल्फ मारताना सोलेनॉइड इंजेक्टरने जवळजवळ काहीच सोडायला नको. मग २-३ मिनिटं आयडलवर. चार बाटल्यांतलं डिझेल सारखं हवं. एखादी बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर गळतो. चारही सारखे पण भरपूर असतील तर मॅन्युअलमधला आकडा बघावा लागतो. पिझो इंजेक्टरला ही पद्धत चालत नाही. बॉशच्या पिझोंना रिटर्नमध्ये १० बारच्या आसपास दाब लागतो, नळी उघडी केली की ते नीट चालणारच नाहीत.

रेग्युलेटरची रिटर्न नळीही काढून सेल्फ मारून बघा. सेल्फ मारताना दाब कमी आहे हे ईसीयूला दिसत असतं, म्हणून तो रेग्युलेटर बंद धरतो. तरी तिथून धार आली तर दाब तिथूनच पळतोय.

आणि एक सूचना, ती पाळाच. चालू इंजिनवर कॉमन रेलचा कोणताही पाइप सैल करायचा नाही, गळती शोधायला हात फिरवायचा नाही. आयडललाही ३०० बार असतात, ती बारीक धार कातडीतून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत हात सडायला लागतो. लागलंच तर दुखत नसलं तरी त्याच तासात इस्पितळ, आणि "डिझेल दाबाने आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं.

घाटवळण:

मापं घेतली.

चावी ऑन, इंजिन बंद: रेल ० बार. थंड सेल्फ: २३० आरपीएम, २०० बार व्हायला ६ सेकंद. गरम: १ सेकंदाच्या आत. आयडल: मागणी २८०, प्रत्यक्ष २७८. चढाला चौथ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला मागणी १४००, प्रत्यक्ष ११०० वरून सरळ ८५० पर्यंत घसरला आणि दिवा लागला. झुलला नाही. त्या वेळी मीटरिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. रिटर्नच्या बाटल्या चारही सारख्या, सेल्फ मारताना कोरड्या. रेग्युलेटरमधून धार नाही. टाकीचं झाकण सैल ठेवून फरक नाही.

रेलदाब:

छान. मग हाय प्रेशर पंप तूर्त बाजूला ठेवा. तो आयडलला मागेल तेवढं देतो, रिटर्नला गळती नाही, व्हॉल्व्ह उघडा असूनही दाब सरळ खाली येतो. त्याच्या तोंडाशी डिझेल कमी पडतंय.

फिल्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्या मध्ये टी लावून गेज जोडा, सोबत हातभर पारदर्शक नळी. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या अशा मांडणीत साधारण ४ ते ६ बार यायला हवेत, पक्का आकडा मॅन्युअलचा. गेज काचेबाहेर दिसेल असा बांधून चढ चढा. आयडलला ठीक आणि लोडला पडतो असं होऊ शकतं, म्हणून उभ्या गाडीवर समाधान मानू नका.

नळीत बुडबुडे बघा. चालू केल्यावर पहिली काही सेकंद येऊन थांबले तर रात्रीत लाइन रिकामी होतेय. सतत बारीक मोत्यांसारखे येत राहिले तर कुठून तरी हवा धरतेय: टाकीच्या आत मॉड्यूलला (पंप आणि फ्लोट धरणाऱ्या जोडाला) तडा, किंवा खेचेवर चालणारी लाइन असेल तर फिल्टरची ओरिंग, क्विक कनेक्टर. नुकताच फिल्टर बदललाय, तेव्हा ओरिंग मुरगळली नाही ना आणि बाणाची दिशा बरोबर आहे ना ते आधी.

गंमत अशी की दाबाखाली असलेल्या लाइनमध्ये हवा शिरत नाही, उलट डिझेल बाहेर पाझरतं. तिथे ओला, धूळ धरलेला डाग शोधायचा. ज्या गाड्यांत टाकीत पंप नसतो आणि हाय प्रेशर पंपामागचा गिअर पंप डिझेल ओढून आणतो, तिथे पूर्ण लाइन खेचेवर असते आणि हवा सहज शिरते. तशा गाड्यांत गेजऐवजी व्हॅक्यूम गेज लावतात. आयडलला ०.१-०.२ बारची खेच चालते, ०.५ च्या जवळ गेली तर फिल्टर, जाळी किंवा चेपलेला पाइप.

गेज लावलाच आहे तर वायरिंगही मोजा. सगळं पंप चालू असताना, प्लग न काढता, मागून पिना घालून:
बॅटरीच्या दोन टोकांत किती, पंपाच्या दोन पिनांत किती, बॅटरी पॉझिटिव्ह ते पंप पॉझिटिव्ह किती, पंप निगेटिव्ह ते बॅटरी निगेटिव्ह किती.
शेवटचा आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा, पॉझिटिव्ह बाजूचा अर्ध्या व्होल्टच्या आत. प्लग काढून मोजलेले १२ व्होल्ट निरुपयोगी, लोड नसेल तर एका तारेने तग धरलेली वायरही १२ दाखवते.

घाटवळण:

गेज: आयडलला ३.१ बार, चढाला १.४. बुडबुडे चालू केल्यावर थोडा वेळ, मग साफ.
व्होल्ट (इंजिन चालू): बॅटरी १४.१, पंपाच्या पिनांत ११.२. पॉझिटिव्ह बाजू ०.३, निगेटिव्ह बाजू २.६.
मागच्या सीटखालचा पंपाचा प्लग काढला तर अर्थच्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलंय. पिन काळी पडलीय.

नोझलटेस्टर:

सापडलं, निदान अर्धं तरी. पिन घासून परत बसवू नका. तापलेल्या टर्मिनलची स्प्रिंग मेलेली असते, आठवड्यात परत ढिली पडते. नवी पिगटेल (तारांसकट नवा प्लग) घ्या, तारेची जाडी जुनीएवढी किंवा एक माप जास्त, क्रिंप करून वर गोंदवाली हीटश्रिंक. त्याच अर्थ वायरचं बॉडीवरचं टोकही उघडा, पत्रा चकचकीत घासा, बोल्ट आवळून वर ग्रीस.

मग थांबा आणि क्लॅम्प मीटर लावा. टर्मिनल उगाच जळत नाही. एक तर ते ढिलं होतं, नाहीतर पंप बराच काळ जास्त करंट ओढत होता. दुसरं असेल तर नवी पिगटेलही तशीच जळेल.

मल्टीमीटरवाला:

क्लॅम्पचा आकडा वाचायची रीत लिहून ठेवतो, नुसत्या अँपिअरवरून निष्कर्ष चुकतो. दाब आणि करंट जोडीने वाचायचे.

दाब जास्त, करंट जास्त: पुढे अडथळा. फिल्टर तुंबलाय किंवा पाइप चेपलाय.
दाब कमी, करंट कमी: पंप फिरतो पण ढकलायला काही नाही. तळाची जाळी तुंबली, आतली पाती झिजली, टाकीतली नळी सुटली, किंवा व्होल्टेजच कमी.
दाब कमी, करंट जास्त: मोटर स्वतःलाच ओढतेय. बुश झिजून आर्मेचर घासतं. आवाजही बदलतो, गुणगुणण्याऐवजी घोगरा हुंकार.
करंट शून्य: फ्यूज, रिले, वायर, नाहीतर कार्बन ब्रश संपले. टाकीवर रबरी हातोडीने हलकी थाप मारल्यावर चालू झाला तर ब्रशच, तेवढ्यावर घर गाठा, पुढचा प्रवास नको.

चांगल्या पंपाचा करंट बहुतेक गाड्यांत ५ ते ८ अँपिअर. रिले संशयित वाटला तर तो काढून ३० आणि ८७ या पिना फ्यूज असलेल्या वायरने जोडा, पंप सलग चालेल आणि इंजिन बंद ठेवूनही निवांत मोजता येईल. फ्यूज १५ किंवा २० चा असेल तिथे ३० चा घालून "बघू या" करायचं नाही.

घाटवळण:

पिगटेल आणि अर्थ नवे केले. आता पंपाला १३.७ व्होल्ट. दाब आयडलला ३.४, चढाला अजून २ च्या खाली. करंट १०.८ अँपिअर. आवाज घोगराच.

रेलदाब:

मग टाकीतला पंप बदला. व्होल्टेज वाढूनही दाब जेमतेम वाढला आणि करंट भरपूर, म्हणजे मोटरचे बुश गेले. सकाळचा लांब सेल्फही याच पंपातून येतोय. त्याच्या तोंडाशी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल उलटं येऊ न देणारा) असतो. तो धरत नसेल तर रात्रीत लाइन रिकामी, मग सकाळी आधी लाइन भरायची आणि त्यानंतर दाब बनायचा. टाकी कमी असताना लवकर बंद पडायचंही कारण हेच, पंप डिझेलमध्ये बुडालेला असतो तेव्हा त्यानेच थंड राहतो.

बदलताना: टाकी पाव भागाच्या खाली आणा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, दारं उघडी ठेवा. डिझेलचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) पेट्रोलपेक्षा खूप वर असतो, पेट्रोलइतकी भीती नाही, तरी ठिणगी आणि बिडी लांब. मॉड्यूलभोवतीची माती रिंग उघडण्याआधी व्हॅक्यूम आणि ब्रशने काढा. ही माती टाकीत पडली तर केलेलं सगळं पाण्यात. मॉड्यूलवरचा बाण आणि टाकीवरची खूण यांचा फोटो काढा. लॉक रिंग योग्य टूलने, नसेल तर लाकडी किंवा पितळी ठोकळ्याने हळूहळू ठोकून फिरवा. छिन्नीने कान तुटतात. मॉड्यूल सरळ वर ओढू नका, तिरकं करत काढा, नाहीतर फ्लोटचा दांडा वाकतो आणि मग डिझेलचा काटा कायमचा खोटा.

टॉर्च मारून टाकीचा तळ बघा. तपकिरी गाळ म्हणजे गंज, काळा चिकट साका म्हणजे पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणारे जीवाणू-बुरशी. दोन्हींत टाकी उतरवून धुवावी लागेल, नुसता पंप बदलून नवी जाळी महिन्याभरात तुंबेल. खोगिरासारखी दोन कप्प्यांची टाकी असेल तर दुसऱ्या कप्प्यातून ओढणारी जेट पंपाची नळी विसरू नका.

ओरिंग नवीच. तिला डिझेल लावा, ग्रीस नको, काही रबरं ग्रीसने फुगतात. जोडून झाल्यावर चावी ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद, परत ऑन, असं ५-६ वेळा. हातपंपाचा फुगा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. त्यानंतरच सेल्फ, तोही एका वेळी १०-१५ सेकंदांच्या वर नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. कोरडा हाय प्रेशर पंप फिरवत राहणं हा तो मारण्याचा सगळ्यात सोपा मार्ग.

आणि जुना फिल्टर फेकला नसेल तर त्यातलं डिझेल पांढऱ्या वाटीत ओतून उन्हात धरा. चमक दिसते का कळवा.

कडेकपारी:

मध्येच विचारतो, माफी. माझ्या गाडीला हाच कोड, पण फिल्टरच्या डिझेलमध्ये चंदेरी चमक आहे. फक्त हाय प्रेशर पंप बदलला तर चालेल ना?

नोझलटेस्टर:

नाही चालणार. आधी खात्री करा. मीटरिंग व्हॉल्व्हचे दोन-तीन स्क्रू काढून तो बाहेर घ्या, त्याच्या जाळीवर काय अडकलंय ते बघा. वाटीखाली चुंबक फिरवा. कण चुंबकाला धरले तर पोलाद: रोलर, टॅपेट, कॅम. धरले नाहीत तर ॲल्युमिनियमच्या बॉडीचा चुरा असू शकतो. बॉशच्या सीपी४ या हाय प्रेशर पंपात नेहमीचा बिघाड असा होतो की टॅपेट आपल्या खोबणीत थोडा फिरतो, रोलर कॅमवर सरळ गडगडण्याऐवजी घासायला लागतो आणि कॅम खरवडतो. हा चुरा पंपाच्या रिटर्नमधून टाकीत जातो आणि टाकीतून परत सगळीकडे.

म्हणून यादी लांब आहे: हाय प्रेशर पंप, चारही इंजेक्टर, रेल आणि तिच्यावरचा रेग्युलेटर, हाय प्रेशर पाइप, फिल्टर. लो प्रेशरच्या लाइन आणि रिटर्न धुऊन हवेने साफ, टाकी उतरवून धुणं, टाकीतला पंप तपासून नाहीतर नवा. इंजेक्टर बेंचवर तपासून "चांगले आहेत" असं कळलं तरी चुरा पोचलेले इंजेक्टर मी परत बसवणार नाही. व्हॉल्व्हची बैठक मायक्रॉनमध्ये मोजायची, एक कण पुरतो. निम्मं काम केलं तर नवा पंप जुनाच चुरा पितो.

पंप काढताना आधी सगळा भाग धुऊन कोरडा करा. इंजिन बंद करून मॅन्युअल सांगेल तेवढा वेळ थांबा आणि स्कॅनरवर दाब शून्य बघून मगच पाइपला पाना. पाइपचा नट सोडताना पंपाकडचं ॲडॉप्टर दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर तेच फिरतं आणि नवा पंपही तिथून गळतो. उघडी तोंडं त्याच क्षणी स्वच्छ बुचांनी बंद, कापडाचे बोळे नकोत, त्यांचे धागे आत जातात. बेल्टवर चालणारा असेल तर क्रँक आणि कॅम लॉक केल्याशिवाय पुली सोडायची नाही. पुलीला पुलर लावा, शाफ्टवर हातोडी नाही. काही पंप कोणत्याही कोनात बसतात, काहींना खुणेवरच बसवावं लागतं, हे तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघा.

बसवण्याआधी नव्या पंपाच्या इनलेटमधून स्वच्छ डिझेल ओता, रिटर्नच्या तोंडातून बाहेर येईपर्यंत शाफ्ट हाताने फिरवा. पाइप आधी दोन्ही टोकांना बोटांनी बसवा, ताण न येता बसले की मग टॉर्क रेंच. नवे इंजेक्टर असतील तर त्यांचे कोड ईसीयूत भरायचे आणि पंपाचं लर्निंग स्कॅनरने रीसेट करायचं. नाही केलं तर गाडी चालते, पण आयडलला धडधडते आणि लोक नव्या पंपाला शिव्या देतात.

कारणही शोधा. पाणी, डिझेलमध्ये पडलेलं पेट्रोल आणि कोरडं चालवणं, ही तीन मुख्य. पेट्रोल डिझेलचा निसरडेपणा काढून टाकतं. युरोपच्या ईएन ५९० मानकात वंगणाच्या चाचणीतला घर्षणाचा व्रण ६० अंशांना ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही, आणि पाणी एका किलोला २०० मिलिग्रॅमच्या वर नको, यावरून हे पंप किती नाजूक ते कळेल. चुकून पेट्रोल भरलं तर चावीही ऑन करू नका, टाकीतला पंप लगेच ते पुढे ढकलायला लागतो.

पाना_दहा:

आणि जुन्या रोटरी पंपाच्या गाड्या? त्यात इंजेक्टरचे नट सैल करून हवा काढतातच की.

नोझलटेस्टर:

त्यात काढतात, बरोबर. तिथे इंजिन बंद, फक्त सेल्फवर, नट अर्धा फेरा सैल, डिझेल बुडबुड्यांशिवाय आलं की आवळायचा. ती पद्धत कॉमन रेलला लावू नका, एवढंच. रोटरीत गाडी उठत नसेल तर आधी पंपावरच्या शटऑफ सोलेनॉइडला चावी ऑनमध्ये १२ व्होल्ट येतात का आणि "टक" वाजतो का ते बघा. ॲक्सिलरेटरच्या शाफ्टची ओरिंग सुकली की तिथून हवा धरते, पंप काढायची गरज नसते. पंप काढलाच तर टायमिंग डायल गेज लावून, प्लंजरची लिफ्ट मॅन्युअलच्या आकड्याला जुळवूनच.

घाटवळण:

पंप बदलला. तळाला गाळ नव्हता, जुन्या फिल्टरमध्ये चमक नाही. लो प्रेशर आयडलला ४.८ बार, चढाला ४.५. करंट ६.४ अँपिअर. ३००० आरपीएमला मागणी १४००, प्रत्यक्ष १३८५, कोड नाही. रात्रभर उभी ठेवून सकाळी दीड सेकंदात उठली. निगेटिव्ह बाजूचा ड्रॉप ०.१.

एक शंका: मॉड्यूलवरून टाकीच्या वरच्या बाजूला डिझेलचा किंचित वास येतो. दिसायला कोरडं आहे.

मल्टीमीटरवाला:

टाकी गच्च भरून चढावर तासभर उभी करा, मग मॉड्यूलच्या कडेला टिश्यू पेपर फिरवा. कडेला ओलं झालं तर ओरिंग एका जागी खोबणीबाहेर बसलीय, रिंग सोडून परत बसवावी लागेल. नळीच्या कनेक्टरपाशी ओलं असेल तर तो पूर्ण क्लिक झालेला नाही: खाली दाबा, मग वर ओढून बघा, हलायला नको. टिश्यू कोरडा राहिला तर काम करताना सांडलेलं डिझेल फोममध्ये मुरलंय, वास दोन-चार दिवसांत जाईल.